उचलून घेतलेले न आवडणाऱ्या मांजरासोबत राहताना

आमच्या घरी चिंगी आली तेव्हा ती सुमारे तीन वर्षांची होती. ती पायांत घुटमळत असे, शेजारी येऊन झोपत असे, पण दोन्ही हात तिच्या पोटाखाली गेले की तिचे अंग लाकडासारखे ताठ होई आणि पुढच्याच क्षणी ती हातातून निसटून पळे. रोज थोडा वेळ उचलून घेतले की सवय होईल, असा माझा समज होता आणि तीन आठवडे मी तो नेटाने अमलात आणला. परिणाम असा झाला की मी नुसता उभा राहिलो तरी ती खोलीतून निघून जाऊ लागली. पुढे तिचा विश्वास परत मिळवण्यासाठी जवळजवळ आठ महिने लागले. ज्यांच्या घरी असे मांजर नुकतेच आले आहे, त्यांचे हे महिने वाचावेत म्हणून मी शिकलेला क्रम येथे लिहीत आहे.

हाताशी ठेवायच्या वस्तू आणि कागद

- झाकण वरून उघडणारे किंवा वरचा अर्धा भाग पूर्ण निघणारे टणक कॅरियर, म्हणजे मांजराला बाहेर नेण्याची पेटी
- जाड आणि मोठे टॉवेल, किमान दोन
- मांजराला अतिशय आवडणारा खाऊ, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून
- एक लांब लाकडी चमचा किंवा काठी आणि एक लहान चटई
- घसरणार नाही असा सपाट वजनकाटा
- लसीकरणाची नोंदवही, आधीच्या तपासण्यांचे कागद, मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली बारीक चिप) असल्यास तिचा क्रमांक
- पशुवैद्यांचा आणि रात्रीच्या वेळी उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन क्रमांक

१. दुखणे नाही ना, हे सर्वांत आधी पाहा

मांजर पहिल्यापासूनच उचलू देत नसेल तर तो त्याचा स्वभाव असू शकतो. परंतु कालपर्यंत निमूटपणे कडेवर येणारे मांजर अचानक फिस्कारू लागले, तर त्याला 'आता लहरी झाले आहे' असे म्हणून सोडून देऊ नका. उचलताना छाती, पोट, कंबर आणि मागचे पाय या सगळ्यांवर भार येतो. त्यामुळे सांधेदुखी, दातांचे दुखणे, मूत्राशयाचा दाह किंवा केसांखाली लपलेली गळू झालेली जखम यांपैकी काहीही असले तरी मांजराचा पहिला विरोध उचलण्यालाच होतो.

वय झालेल्या मांजरांबाबत ही शंका विशेष घ्यावी. बारा वर्षांपेक्षा मोठ्या १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यांतील ९० टक्के मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली होती. अशी मांजरे लंगडतातच असे नाही. ती उडी मारण्यापूर्वी घुटमळतात, एका उडीत गाठायची जागा दोन टप्प्यांत गाठतात, पाठ नीट चाटू शकत नसल्याने तेथील केसांच्या गुठळ्या होतात, आणि मलपात्राची कड उंच असेल तर त्याच्या बाहेरच विधी उरकतात. चेहऱ्यावरही दुखणे दिसते: कान बाजूला फाकतात, डोळे बारीक होतात, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला वाटतो, मिशा ताठ होतात आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकते. दवाखान्यात गेल्यावर मांजर भीतीने हे सारे लपवते, म्हणून घरातच त्याच्या चालण्याचे आणि उडी मारण्याचे चित्रीकरण करून पशुवैद्यांना दाखवा. मला स्वतःला या चित्रीकरणाचा जितका उपयोग झाला, तितका शब्दांत केलेल्या वर्णनाचा झाला नाही.

एक इशारा येथेच देतो. दुखत असावे म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलचे अगदी लहान प्रमाणही मांजराचा जीव घेऊ शकते.

२. न आवडण्यामागचे कारण समजून घ्या

मांजर शिकारी आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण आकाराने लहान असल्यामुळे निसर्गात ते मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही असते, हे आपण विसरतो. संकटात त्याचा पहिला उपाय लढणे नसून पळणे हा असतो. चारही पाय जमिनीवरून सुटले आणि शरीराला दोन्ही बाजूंनी विळखा पडला की तो उपायच नाहीसा होतो. आपण प्रेमाने उचलतो, त्याच्या शरीराला मात्र ती पकड वाटते.

यात लहानपणाचाही मोठा वाटा असतो. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लाला माणसांचे हात वारंवार आणि हळुवारपणे लागले, तर पुढे ते स्पर्श सहज स्वीकारते. हा काळ माणसांविना गेला तर पुढची भर हळूहळू आणि अपुरीच पडते. पित्याच्या स्वभावाचा परिणामही पिल्लांच्या धीटपणावर होतो असे आढळले आहे. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या मोठ्या मांजराच्या नावडीतील बराचसा भाग तुमच्या घरात घडलेलाच नाही आणि त्यासाठी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

जो भाग आपल्या हातून घडतो तो असा: मांजराला उचलले की त्यानंतर औषध, नखे कापणे, अंघोळ किंवा प्रवास यांपैकीच काहीतरी होते. दहापैकी आठ वेळा उचलण्यानंतर असे काही घडत असेल, तर मांजराने काढलेला निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही.

३. काही आठवडे उचलणे पूर्णपणे थांबवा

घरातील प्रत्येकाने हा नियम पाळायचा आहे. एकाने पाळला आणि दुसऱ्याने 'एकदाच' म्हणून मोडला, तर मांजराला कोणत्या वेळी काय होईल याचा अंदाज येत नाही, आणि अंदाज न येणे हीच त्याच्या भीतीची मुळी असते. लहान मुलांना 'मांजराला त्रास देऊ नकोस' असे मोघम सांगण्याऐवजी 'जमिनीवर बस, हात मांडीवर ठेव, ते आले तर एका हाताने गालाला कुरवाळ' असे नेमके काम सांगा. मुले ते मनापासून करतात. पाहुण्यांनाही दारातच सांगून ठेवा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

या काळात मांजराला उंच जागा, लपायची जागा आणि दोन्हीकडे जाण्याचा मोकळा मार्ग मिळाला पाहिजे. लपण्याच्या जागेतून त्याला कधीही ओढून काढू नका. ती जागा एकदा असुरक्षित ठरली की ते दुसरी, तुमचा हात पोहोचणार नाही अशी जागा शोधते.

४. नकार ओरखड्याच्या आधी ओळखा

'अचानक बोचकारले' असे आपण म्हणतो, पण मांजर सहसा त्याआधी बरेच काही सांगून चुकलेले असते. शेपटीचे टोक फटकारू लागते, पाठीची कातडी थरथरते, कान मागे वळतात, डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात, घुरघुर थांबते, मान झटकन हाताकडे वळते. यांपैकी एकही खूण दिसली की हात काढून घ्या आणि नजर दुसरीकडे वळवा. चिंगीच्या बाबतीत पहिली खूण अगदी बारीक होती: ती घाईने एकदाच नाक चाटत असे. ती ओळखायला मला दोन महिने लागले. तुमच्या मांजराची अशी स्वतःची खूण असेल, ती शोधा.

येथील मोठा सापळा म्हणजे स्तब्धता. काही मांजरे उचलल्यावर हालचालच करत नाहीत आणि पाहणाऱ्याला वाटते की त्यांना आवडले. अंग ताठ, पाय पोटाशी घेतलेले, शेपटी आत वळलेली आणि डोळे विस्फारलेले असतील, तर ते मांजर भीतीने गोठलेले आहे.

दुसरा सापळा शिक्षेचा. फिस्कारल्याबद्दल ओरडले, पाणी उडवले किंवा नाकावर टिचकी मारली, तर मांजर फिस्कारणे सोडून देते आणि पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावते.

५. स्पर्शाचा निर्णय मांजराला घेऊ द्या

खाली बसा. उभ्या माणसाने वरून वाकणे मांजराला नकोसे वाटते. बोटे सैल मुडपून हात त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडा दूर धरा. ते पुढे येऊन गाल किंवा डोके घासेल तर गाल, हनुवटी आणि कानांच्या पुढचा भाग येथे हळुवार कुरवाळा. या ठिकाणी गंधग्रंथी असतात आणि तेथील स्पर्श बहुतेक मांजरांना आवडतो. शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर हात लावणे टाळा. तीन-चार सेकंदांनी हात थांबवा. ते पुन्हा अंग घासेल तर सुरू ठेवा, नुसते उभे राहील तर थांबा. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना अशाच सूचना देऊन पाहिल्या, तेव्हा मांजरांचे आक्रमक वागणे कमी झाले आणि माणसांजवळ येणे वाढले.

दूर बसलेल्या मांजराशीही संवाद साधता येतो. त्याच्याकडे टक लावून न पाहता डोळे अर्धवट मिटा, क्षणभर बंद ठेवा आणि सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात असे केल्यावर मांजरे अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडेही अधिक वेळा आली. रोज संध्याकाळी मी हे करत असे, आणि चिंगीने पहिल्यांदा उलट डोळे मिटले तो दिवस माझ्या चांगलाच लक्षात आहे.

६. उचलून नेण्याऐवजी चालवून न्या

आपण मांजराला किती वेळा केवळ जागा बदलण्यासाठी उचलतो, हे एक आठवडा मोजून पाहा. ओट्यावरून खाली, गादीवरून बाजूला, दारातून आत: माझ्या मोजणीत बहुतेक वेळा कारण एवढेच होते. ही सगळी कामे मांजर स्वतःच्या पायांनी करू शकते, फक्त त्याला ते शिकवावे लागते. या लेखातील एकच भाग अमलात आणायचा असेल तर तो हा असावा.

लाकडी चमच्याचे टोक मांजराच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरा. कुतूहलाने ते हुंगायला येईल. नाक लागताक्षणी एकच ठरलेला शब्द उच्चारा, उदाहरणार्थ 'शाब्बास', आणि लगेच खाऊचा तुकडा जमिनीवर ठेवा. शब्द आणि खाऊ यांत एक-दोन सेकंदांहून अधिक वेळ जाऊ देऊ नका. असे पाच-सहा वेळा करून थांबा. एका बैठकीला दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि जेवणाआधीची वेळ उत्तम. काही दिवसांनी चमचा एक पाऊल दूर धरा, मग तीन पावले, मग खुर्चीवरून जमिनीवर. पुढे चमच्यामागे चालत मांजर चटईपर्यंत येते. तेथे बसल्यावर खाऊ देत राहिलात की चटई हीच त्याच्या आवडीची जागा होते आणि ती तुम्ही कोठेही अंथरू शकता.

हे शिकवताना दोन चुका होतात. पहिली, चमचा नाकाला नेऊन टेकवणे; पुढे मांजराने यायचे आहे, चमच्याने नाही. दुसरी, चटईवर बोलावून तेथेच पकडणे. असे एकदा केले तरी आठवड्याभराची मेहनत वाया जाते, आणि मी ती केली आहे.

७. कॅरियर हे घरातील सामान होऊ द्या

कॅरियर माळ्यावर ठेवून फक्त दवाखान्याच्या दिवशी काढले, तर त्याच्या नुसत्या आवाजाने मांजर पलंगाखाली जाणारच. ते वर्षभर बाहेर, मांजराच्या वावराच्या जागी ठेवा आणि पुढील क्रमाने सवय लावा.

आधी वरचा भाग आणि दार काढून फक्त तळ ठेवा. त्यात मांजराच्या वासाचे अंथरूण घाला आणि रोज तेथे खाऊ ठेवा. मांजर स्वतःहून त्यात झोपू लागले की वरचा भाग बसवा. मग दार लावा, पण ते उघडेच ठेवा. नंतर मांजर आत खात असताना दार क्षणभर बंद करून उघडा आणि ही वेळ वाढवत मिनिटांवर न्या. त्यानंतर कॅरियर बोटभर उचलून खाली ठेवा, मग खोलीत दोन पावले फिरवा, मग वाहनापर्यंत नेऊन परत आणा. मांजर खायचे थांबले तर तुम्ही घाई केली आहे असे समजून एक टप्पा मागे या. चिंगीला या सगळ्यासाठी नऊ आठवडे लागले. तुमच्या मांजराला तीन किंवा वीस लागतील. व्हिएन्नातील पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात अशी सवय लावलेल्या मांजरांना दवाखान्याच्या प्रवासात कमी ताण आल्याचे दिसले.

कॅरियर मुठीला धरून हेलकावत नेऊ नका. दोन्ही हातांनी तळाशी आधार देऊन छातीशी धरा आणि वरून टॉवेल झाका. पशुवैद्यांना आधीच सांगा की झाकण काढून मांजर तळाच्या भागात बसलेले असतानाच तपासावे. समजूतदार डॉक्टर याला आनंदाने तयार होतात. भीती फार असेल तर भेटीपूर्वी देण्याचे शांत करणारे औषध ते लिहून देऊ शकतात. ते केवळ त्यांच्याच सल्ल्याने द्या.

८. नखे, वजन आणि औषध

नखे कापण्यासाठी उचलण्याची गरज नसते. मांजर चटईवर पेंगत असताना शेजारी बसून एका दिवशी एक किंवा दोन नखांची फक्त टोके कापा आणि आतल्या गुलाबी भागाला धक्का लावू नका. वजनासाठी काट्यावर चटई अंथरून काटा शून्यावर आणा आणि मांजराला त्यावर बोलवा. महिन्यातून एकदा नोंद ठेवली तर हळूहळू घटणारे वजन वेळेत लक्षात येते. औषध लागले तर ते पातळ स्वरूपात किंवा खाण्यात मिसळून देता येईल का, असे डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या फोडून किंवा कुटून चालत नाहीत, म्हणून हा निर्णय स्वतः घेऊ नका.

९. तरीही उचलणे शिकवायचे असेल तर

वरचे सर्व स्थिरावल्यावर, आणि दुखणे नाही याची खात्री असल्यावरच, हे सुरू करा. हेतू मांजराला कुशीत घेण्याचा नसून गरजेच्या वेळी काही सेकंद उचलता यावे एवढाच ठेवा.

मांजर तुमच्या बाजूला उभे असताना 'वर' असा शब्द उच्चारा, एक हात छातीखाली क्षणभर टेकवा, काढा, खाऊ द्या. काही दिवसांनी दुसरा हात मागच्या पायांखाली टेकवा. मग दोन्ही हातांनी किंचित भार घ्या, पण पाय जमिनीवरच राहू द्या. त्यानंतर बोटभर उंच उचलून लगेच चारही पायांवर खाली ठेवा. मांजर धडपडू लागण्याच्या आधी खाली ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण मग धडपडल्याशिवाय सुटका होते हे त्याला कळते. हातातून उडी मारायला लावू नका आणि 'वर' हा शब्द न उच्चारता कधीही उचलू नका. माझ्याकडे ही मर्यादा पाच सेकंदांवर थांबली आणि मी ती वाढवलेली नाही.

मानगुटीला धरून उचलण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते ती तशीच, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. पण ती फिरवते ती काही आठवड्यांची, मूठभर वजनाची पिल्ले. मोठ्या मांजराचे सगळे वजन मानेच्या कातडीवर आले की त्याला दुखते आणि भीतीही वाटते. मांजरांच्या वैद्यकातील आंतरराष्ट्रीय संस्थांच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांतही अशा पकडीला विरोध आहे.

१०. उचलावेच लागेल त्या वेळेची तयारी

आग, अपघात, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, किंवा बोका वारंवार मलपात्रात बसूनही लघवी न होणे, अशा वेळी आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. लघवी अडकलेल्या बोक्याच्या बाबतीत तर काही तासांची दिरंगाईही जीवघेणी ठरू शकते.

आधी खोलीचे दार लावा आणि पलंगाखालची वाट उशांनी बंद करा. मोठा टॉवेल दोन्ही हातांत पसरून मांजराच्या मागून किंवा बाजूने या, तो पूर्ण अंगावर टाका, कडा खाली खोचून पुढचे पाय आत घ्या आणि मागच्या भागाला तळहाताचा आधार देऊन सारे गाठोडे आपल्या अंगाशी धरा. नाक मोकळे आहे ना हे पाहा. कॅरियर जमिनीवर उभे, दार वर करून ठेवले असेल तर मागचे पाय आधी आत सोडता येतात. कोरडा सराव करायचा असेल तर उशीवर करा, मांजरावर नाही.

इतके करूनही चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, जखम टिकलीएवढी दिसली तरी. मांजराचे दात बारीक आणि अणकुचीदार असल्याने जंतू खोलवर जातात आणि वरची कातडी लवकर मिटते, त्यामुळे आतला संसर्ग उशिरा लक्षात येतो. रेबीजच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारा आणि मांजराची लसीकरणाची नोंदवही सोबत न्या.